रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट पास रशरच्या मागे लागताना या चुका टाळा

मार्च उजाडला की एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, दरवर्षी एखाद्या तरुण पास रशरचं (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या बचावपटूचं) नाव गाजू लागतं. मोजकेच स्नॅप (डाव) खेळलेला, पण मैदानात आला की क्वार्टरबॅकला सुखाने उभं राहू न देणारा. मग चाहते विचारतात, "ऑफर शीट (दुसऱ्या संघाच्या अशा खेळाडूला देऊ केलेला करार) का देत नाही?" बहुतेक वेळा न देणंच शहाणपणाचं असतं. त्याची कारणं नियमांतच आहेत.

टेंडरची पातळी न बघता किंमत धरणं

करार संपलेला आणि तीन अ‍ॅक्रूड सीझन (लीगच्या हिशोबात धरले जाणारे मोसम) झालेला खेळाडू रिस्ट्रिक्टेड ठरतो, म्हणजे दुसरा संघ त्याला ऑफर देऊ शकतो, पण जुन्या संघाला बरोबरी करून त्याला राखता येतं. २०११ पासून ड्राफ्टमधल्या (संघांनी फेऱ्यांमध्ये पाळीपाळीने निवडलेल्या) नवोदितांचा करार चार वर्षांचा असतो, त्यामुळे या यादीत मुख्यतः ड्राफ्ट न झालेलेच सापडतात. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अशा खेळाडूला जुन्या संघाने सगळ्यांत स्वस्त टेंडर (एका वर्षाच्या ठरावीक पगाराचा प्रस्ताव) लावलं, तर त्याला नेताना एकही पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) द्यावा लागत नाही. जुन्या संघाकडे फक्त ऑफरची बरोबरी करण्याचा हक्क उरतो. म्हणूनच ज्याला खरंच राखायचं त्याला दुसऱ्या फेरीचं टेंडर लावतात; मग त्याला नेणाऱ्याला दुसऱ्या फेरीचा पिक द्यावा लागतो. २०२३ मध्ये ते ४३ लाख ४ हजार डॉलरचं होतं, सगळ्यांत स्वस्त टेंडर २६ लाख २७ हजारांचं. साधारण १७ लाख जादा मोजून जुना संघ तुमच्यापुढे दुसऱ्या फेरीच्या पिकची भिंत उभी करतो.

तो पिकही तुमचा स्वतःचा लागतो. तो आधीच ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) गेला असेल, तर पुढची चर्चाच नको.

आज दोनदा मोजणं, उद्या एकदा मोजता येत असताना

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ऑफर शीट यशस्वी झाली तर पिकही जातो आणि बाजारभावाचा करारही गळ्यात पडतो. दुसऱ्या फेरीतला नवोदित चार वर्षं स्वस्तात खेळतो, म्हणजे पिकसोबत ती बचतही जाते.

पास रशर शकिल बॅरेटचं बघा. २०१८ मध्ये ब्रॉन्कोजनी त्याला दुसऱ्या फेरीचं टेंडर लावलं आणि तो तिथेच राहिला. वर्षभराने तो पूर्ण मोकळा झाला. बकनीअर्सनी एकही पिक न देता ४० लाखांच्या एका वर्षाच्या करारावर त्याला घेतलं आणि २०१९ मध्ये १९.५ सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) करून तो लीगमध्ये पहिला आला. वाट बघणाऱ्याचा फायदा झाला.

प्रत्येक वेळी इतकं स्वस्तात मिळत नाही, हेही खरं. जेट्सच्या ब्राइस हफला २०२३ मध्ये तेच टेंडर होतं, त्याने त्या मोसमात १० सॅक केले आणि २०२४ मध्ये ईगल्सनी त्याला तीन वर्षांसाठी ५ कोटी ११ लाखांचा करार दिला. तरीही पिक वाचलाच.

सॅक मोजणं, भूमिका न बघणं

हफची पुढची गोष्ट यासाठीच लक्षात ठेवावी. जेट्सकडे तो आलटून-पालटून खेळवल्या जाणाऱ्या फळीत, बाहेरच्या बाजूने, प्रामुख्याने पासच्या प्रसंगी उतरायचा. ईगल्सकडे प्रशिक्षक विक फँजिओंच्या बचावात एज रशरला (बाहेरच्या बाजूच्या पास रशरला) रन, म्हणजे चेंडू घेऊन पळणाराही, अडवावा लागतो, अधूनमधून कव्हरेजलाही (झेल घेणाऱ्यांवर पहारा द्यायला) मागे जावं लागतं. मनगटाची शस्त्रक्रिया झाली ती वेगळीच. २०२४ मध्ये त्याचे सॅक झाले २.५, सुपर बोलला (अंतिम सामन्याला) तो निष्क्रिय यादीत, म्हणजे संघाबाहेर, होता आणि २०२५ मध्ये त्याला फोर्टीनाइनर्सकडे धाडलं. तिथे बचावाचे समन्वयक होते रॉबर्ट साला, म्हणजे जेट्सचेच माजी मुख्य प्रशिक्षक.

म्हणून सामन्यांची टेप बघताना प्रत्येक सॅक वेगळा काढा. समोर लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला राखणारा खास खेळाडू) होता की टाइट एंड (जो झेलही घेतो)? कव्हरेज घट्ट असल्याने क्वार्टरबॅक चेंडू धरून बसला होता का? पहिल्या-दुसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) हा खेळाडू बाकावर का होता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "रनसमोर टिकत नाही" असं असेल, तर तुम्ही अर्ध्या कामासाठी पूर्ण पगार देणार आहात.

जुना संघ सहज बरोबरी करेल अशी शीट लिहिणं

जुन्या संघाला विचाराला पाच दिवस मिळतात. शीट किरकोळ असेल, तर तुम्ही त्यांच्याच वाटाघाटी फुकटात करून देता. रिसीव्हर्सची (चेंडू झेलणाऱ्यांची) उदाहरणं घ्या. २०१३ मध्ये पेट्रियट्सनी इमॅन्युएल सँडर्सला एका वर्षाचे २५ लाख देऊ केले, स्टीलर्सनी बरोबरी केली आणि विषय संपला.

याउलट २०१६ मधली ख्रिस होगनची शीट. तीन वर्षांचे १ कोटी २० लाख, पण पहिल्याच वर्षाचा कॅपवरचा (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवरचा) भार ५५ लाख. बिल्सकडे कॅपमध्ये जागा कमी होती, त्यांनी सोडून दिलं, आणि होगन ड्राफ्ट न झालेला असल्याने पेट्रियट्सचा पिकही वाचला. युक्ती हीच: आधी प्रतिस्पर्ध्याची कॅपची स्थिती तपासा, मग रक्कम पहिल्या वर्षात ढकला. अर्थात तेवढी जागा तुमच्याकडेही हवी. फक्त जुन्या संघालाच जाचेल अशी कलमं लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११ च्या करारानंतर चालत नाहीत.

दुसऱ्या फेरीचं टेंडर असूनही खेळाडू हवाच असेल, तर थेट ट्रेड बोला. २००७ मध्ये वेस वेल्करसाठी पेट्रियट्सनी डॉल्फिन्सना दुसऱ्या आणि सातव्या फेरीचे पिक दिले. एक पिक जादा गेला, पण बरोबरी होण्याची टांगती तलवार राहिली नाही.

वैद्यकीय तपासणी नंतरवर ढकलणं

पाच दिवस जुन्या संघाचे, तुमचे नव्हेत. त्यांनी बरोबरी नाकारली की करार तुमचा. सेंट्सनी २०१८ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटलेल्या रिसीव्हर कॅमेरॉन मेरेडिथला असंच बेअर्सकडून उचललं. त्या मोसमात त्याने ९ झेल घेतले, पुढच्या वर्षी त्याला सोडलं. पास रशरचे खांदे, मनगटं आणि गुडघे शीटवर सही होण्याआधीच तुमच्या डॉक्टरांनी तपासलेले हवेत.