विज्ञान महोत्सवाची तयारी: जीवापासून आपल्या अंगापर्यंत

मंडप केवढा घ्यायचा याची चर्चा नंतर करा. जैवविविधता आणि आरोग्य हा विषय घेऊन लोकांसमोर जायचं ठरलं, की पहिलं काम कागदावर असतं: दर टेबलामागे एक वाक्य. वाक्याच्या एका टोकाला एखादा जीव, दुसऱ्या टोकाला समोर उभ्या माणसाचं शरीर, आणि मधला धागा एका दमात सांगून होईल इतका आखूड. असं वाक्य जमत नसेल तर ते टेबल यादीतून काढा, नमुना कितीही देखणा असो. आमच्या पहिल्या महोत्सवात आम्ही फुलपाखरांच्या चित्रांची एक भिंत उभी केली होती. लोक तिच्यासमोर फोटो काढायचे आणि पुढे जायचे. 'याचा आरोग्याशी काय संबंध?' असं एका शाळकरी मुलीने विचारलं, तेव्हा आमच्यापैकी एकालाही धड उत्तर देता आलं नाही.

ही वाक्यं तीन महिने आधी लिहायला घ्या. अनपेक्षित धागे शोधा, कारण 'निसर्गातून औषधं मिळतात' हे सगळ्यांना पाठ आहे. हॉर्सशू क्रॅब घ्या. नावात खेकडा, पण नात्याने कोळी-विंचवांना जवळचा. तांब्यामुळे त्याचं रक्त निळं असतं, आणि काही जिवाणूंच्या आवरणातल्या विषारी घटकाशी गाठ पडली की ते गोठतं. या गुणावर बेतलेली चाचणी इंजेक्शनं आणि लशी तपासायला कित्येक दशकं वापरली जाते. रक्त काढल्यावर काही प्राणी मरतात आणि आता प्रयोगशाळेत बनवलेला पर्याय उपलब्ध आहे, हेही त्याच फलकावर लिहा. नाहीतर कोणीतरी विचारणारच. दुसरा धागा अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतला. तिथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. त्याचं विकर (एन्झाइम) उकळत्या पाण्याच्या जवळपास तापमानातही टिकतं, म्हणून डीएनएच्या असंख्य प्रती काढणारं पीसीआर तंत्र सोपं झालं. नाकात काडी घालून घेतलेली, याच तंत्रावरची कोविडची चाचणी लोकांना आठवते, त्यामुळे हे टेबल फारसं समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त जागा मात्र गिधाडांना द्या. गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक दिलं जायचं. ते अंगात असलेलं मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. दक्षिण आशियातली गिधाडं १९९० च्या दशकात झपाट्याने घटली, त्यामागचं कारण २००४ मध्ये नक्की झालं, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित असलेला पर्याय पुढे आला. माणसाचं काय झालं, तर मेलेली जनावरं उघड्यावर कुजत राहिली, पाणी दूषित झालं, भटकी कुत्री आणि रेबीजचा धोका वाढला. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसांचे जादा मृत्यू याच्याशी जोडले आहेत. हा आकडा लिहाल तेव्हा 'अंदाज' हा शब्द त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. ही गोष्ट चार चित्रांत मांडता येते आणि तिच्यात गोळी, गुरं, पक्षी, पाणी आणि माणूस एकाच ओळीत येतात. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकमेकांत गुंतलेलं आहे, या 'एक आरोग्य' कल्पनेची व्याख्या मग फलकावर वेगळी छापायची गरज राहत नाही.

औषधी वनस्पतींचं टेबल ठेवणारच असाल तर एक दक्षता घ्या. सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात, हे खरं आहे. पण ते पानांत अगदी थोडं असतं, विषारी असतं आणि शुद्ध करूनच मोजून देतात. हे फलकावर ठळक लिहिलं नाही, तर संध्याकाळपर्यंत कुंडीतलं रोप अर्धं झालेलं दिसेल. आमचं झालं होतं.

आता सजीव दाखवण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: साप, घुबड, वटवाघूळ यांतलं काहीही गर्दीत आणू नका. प्राण्याचे हाल होतात, परवानग्यांचा प्रश्न येतो, आणि रोगांविषयी बोलणाऱ्या कार्यक्रमातच रान प्राण्याला हात लावू देणं विसंगत दिसतं. जिवंतपणा हवा असेल तर पालापाचोळा आणा. मोठं नरसाळं, त्यात जाळी, जाळीवर ओंजळभर पाचोळा, वर दिवा आणि खाली ओला कागद घातलेली बरणी. उष्णता आणि उजेडापासून पळत स्प्रिंगटेल, माइट, छोटे भुंगेरे हळूहळू खाली उतरतात. याला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशीच दिवा लावून ठेवा. दिवा पाचोळ्याला चिकटवून ठेवू नका. आग लागू शकते, आणि तसं झालं नाही तरी किडे खाली उतरण्याआधी जागेवरच वाळतात.

हाताचा ठसा उमटवायच्या पेट्री डिशना, म्हणजे जंतू वाढवायच्या झाकणाच्या चपट्या बशांना, नेहमी रांग लागते. पण ठसा उमटवल्यावर जंतू दिसायला दोन-तीन दिवस लागतात, हे आयोजक विसरतात. आठवडाभर आधी स्वयंसेवकांच्या हातांचे ठसे घेऊन काही डिश तयार ठेवा: धुतलेला हात, न धुतलेला हात, मातीत काम केलेला हात. डिश उलट्या रचा, म्हणजे झाकणावरचं पाणी आगरवर, म्हणजे जंतू ज्यावर वाढतात त्या जेलीसारख्या थरावर, टपकणार नाही. त्या ३७ अंशांवर वाढवू नका; माणसाच्या शरीरात रमणारे जंतू त्या उबेत फोफावतात. खोलीचं तापमान पुरे. वाढ झालेली डिश चिकटपट्टीने बंद असलीच पाहिजे आणि ती कोणीही, अगदी आग्रह करणाऱ्या शिक्षकानेही, उघडता कामा नये. 'हे सगळे रोगजंतू आहेत का?' हा प्रश्न इथे हमखास येतो. उत्तर तयार ठेवा: बहुतेक नाहीत. माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि जिवाणू त्याहून थोडे जास्तच, असा २०१६ चा अंदाज आहे. फिनलंडमध्ये बालवाडीच्या अंगणात जंगलातली जमीन आणून पसरली, तेव्हा २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली. अभ्यास लहान होता, हेही सांगा. आणि याच टेबलाशेजारी साबण-पाणी ठेवा, कारण मातीत खेळावं आणि जेवणाआधी हात धुवावे या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

अवघड प्रश्नांची तालीम निदान दोनदा करा. तालमीत एकाने मुद्दाम तिरकस पाहुणा व्हायचं. पहिला प्रश्न ठरलेला: 'वटवाघळं रोग पसरवतात ना, मग मारून का टाकत नाही?' युगांडातल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग या जीवघेण्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर तिथली वटवाघळं संपवली. काही वर्षांनी नवी वटवाघळं परत आली, तेव्हा त्यांच्यातलं संसर्गाचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं. एवढं सांगितलं की बहुतेक लोक थांबून विचार करतात. दुसरा प्रश्न आमच्याच उत्साहातून निघतो: 'म्हणजे जैवविविधता वाढली की रोग कमी होतात?' इथे हो म्हणून मोकळं होऊ नका. काही रोगांत, काही ठिकाणी तसं दिसतं. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाबाबत ही कल्पना बरीच चर्चेत आहे आणि तिच्यावर शास्त्रज्ञांत वादही आहेत. पाणथळ जागा पुन्हा जिवंत केली तर डासही वाढू शकतात. ज्याला हे सांगताना अवघडल्यासारखं वाटतं, त्याला त्या टेबलावर उभं करू नका. आणि स्वतःच्या आजाराविषयी सल्ला कोणी मागितलाच तर डॉक्टरकडे पाठवा, मग स्वयंसेवक वैद्यकीय विद्यार्थी असला तरी.

बाकीचं पटापट. टेबलांची उंची मुलं आणि चाकाची खुर्ची वापरणारे यांच्या हिशेबाने ठरवा. मायक्रोस्कोपला कॅमेरा आणि पडदा जोडला तर रांग निम्मी होते. फलकावर ५० शब्दांपेक्षा जास्त नकोत, आणि ते दोन मीटरवरून वाचता आले पाहिजेत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी साल, पीस, शिंपले, बिया असं हाताळता येणारं एक टेबल ठेवा. परागकण, बुरशी आणि लॅटेक्सचे हातमोजे यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी प्रवेशद्वारापाशीच सूचना लावा. ठसे किंवा त्वचेचे नमुने घेणार असाल तर संमतीचा कागद, लहान मुलांसाठी पालकांची सही. निसर्गफेरी असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घालून यायला आधीच कळवा, आणि दुर्मीळ जीव दिसला तर त्याचं नेमकं ठिकाण फोटोसोबत जगजाहीर करू नका. एक्स्टेंशन बोर्ड ठरवले त्यापेक्षा दोन जास्त घ्या, मायक्रोस्कोपचे जादा बल्बही. स्वयंसेवकांची पाळी दोन तासांहून लांबवू नका. तिसऱ्या तासात माणूस तेच वाक्य इतक्या कंटाळ्याने म्हणतो की गिधाडसुद्धा रटाळ वाटायला लागतं.

आवराआवरीची माणसं वेगळी नेमा. दिवसभर बोलून थकलेल्यांवर ती सोडली की चुका होतात. डिश न उघडताच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घाला. ती सोय नसेल तर जवळच्या प्रयोगशाळेशी आधीच बोलून ठेवा. पाचोळा आणि बरणीतले किडे जिथून आणले त्याच झाडाखाली परत पोचवा, कारण दुसरीकडे नेलेल्या मातीबरोबर बुरशी आणि रोगही प्रवास करतात. ती जागा शोधता यावी म्हणून पिशवीवर आणतानाच चिठ्ठी लावा.