चेनसॉ घ्यायचाय? सीसीचा विचार शेवटी करा

चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी चेननं लाकूड कापणारी यंत्रकरवत, घ्यायला दुकानात गेल्या गेल्या विचारतात, "किती सीसीचा देऊ?" सीसी म्हणजे इंजिनाचं माप, आणि या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी द्यायचं असतं. त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: कापायचं काय, ते कुठं उभं आहे, आणि मशीन बंद पडलं तर उघडणार कोण. या क्रमानं गेलात तर ब्रँड जवळपास आपोआप ठरतो.

१. शेतात टेप घेऊन फिरा

शेवगा, लिंबू, डाळिंबाची छाटणी म्हणजे मनगटाएवढ्या फांद्या. बांधावरची बाभूळ किंवा निंब म्हणजे आठ ते बारा इंचांचं खोड. वादळात पडलेल्या जुन्या चिंचेचा बुंधा दोन फुटांचाही निघतो, पण असं काम वर्षात एखाद्या वेळी येत असेल तर मशीनवाल्याला रोजानं बोलावणंच परवडतं. केळीच्या खोडाला मात्र चेनसॉ लावू नका. ओले तंतू चेनबरोबर आत ओढले जातात आणि स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) गुंडाळून बसतात. तिथं कोयताच बरा.

उभं झाड पाडायचं असेल तर आधी परवानगीचं पाहा. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी वनविभागाची परवानगी लागते. नगरपालिका-महापालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे.

२. वायर, बॅटरी की पेट्रोल

वायरचा चेनसॉ स्वस्त आणि हलका, त्याची देखभालही कमी. घरामागं किंवा वखारीत सरपण कापायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. २००० वॅटचं मशीन साधारण ९ अँपियर ओढतं. ५० मीटर वायर टाकायची असेल तर तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. १.५ च्या वायरीत तेवढ्या अंतरावर दहा-अकरा व्होल्ट वाटेतच जातात, आणि गावात दाब आधीच कमी असेल तर मोटर तापते.

खरी अडचण शेतात येते. शेतीची लाइट पाळीप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री असते, आणि अंधारात चेनसॉ चालवायचा नसतोच. विहिरीवरच्या पेटीतून दोन फेज घेऊन मशीन चालवा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. २३० चं मशीन तर जळेलच, माणसाच्या जिवावरही बेतेल.

बॅटरीचा चेनसॉ छाटणीसाठी मला मनापासून आवडतो. दोरी ओढायची नाही, धूर नाही, आणि बटण सोडलं की चेन थांबते. पण हिशेब करून घ्या. ३६ व्होल्ट, ५ अँपियर-तास म्हणजे १८० वॅट-तास. हजार वॅटच्या भारानं सलग चालवलं तर अकरा मिनिटांत बॅटरी संपते. छाटणीत आपण थांबत थांबत कापतो म्हणून ती जास्त पुरते, तरी दोन बॅटऱ्या हव्यातच. त्यात आपला मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि तापलेली बॅटरी बरेच चार्जर घेतच नाहीत. म्हणून चार्जिंग रात्री किंवा पहाटे करा. बॅटरी ट्रॅक्टरच्या पेटीत उन्हात ठेवू नका, ओल्या पोत्याखालीही नको. सावलीत, कोरड्या जागी ठेवा.

ऑनलाइन मिळणाऱ्या, एका हातानं धरायच्या छोट्या चेनसॉवर ‘८८ व्हीएफ’ असं काही छापलेलं दिसतं. बॅटरीत एकापुढं एक पाच लिथियम सेल जोडलेले असतील तर पूर्ण भरल्यावरही २१ व्होल्टच होतात. खोक्यावरचा आकडा सोडा. व्होल्ट आणि अँपियर-तास किती, ते बॅटरीवर वाचा.

पेट्रोलचा चेनसॉ कुठंही चालतो, आणि बांधावर आठवडाभर काम असेल तर दुसरा पर्याय नाही. मात्र तो काळजी मागतो. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मोजून घालायचं: ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. कोणतं प्रमाण, ते मशीनच्या पुस्तिकेत पाहा, अंदाजानं ओतू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा शोषतं आणि कार्बोरेटरमधले रबरी पडदे खराब करतं. आपल्या मशीनला किती इथेनॉल चालतं ते घेतानाच विचारा. लागेल तेवढंच मिश्रण बनवा, आणि महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

३. आता ब्रँड, पण आधी मिस्त्री

स्टिल ही १९२६ पासूनची जर्मन कंपनी, हस्कवर्ना स्वीडनची. पेट्रोल मशीनमध्ये या दोघींचं नाव मोठं आहे आणि किंमतही. जपानी मकितानं २०२२ मध्ये पेट्रोल इंजिनांचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे तिच्याकडे बॅटरी आणि वायरचीच यंत्रं पाहावीत. ड्रिल, ग्राइंडर त्याच कंपनीचे असतील तर व्होल्टेज जुळतं का विचारा. तीच बॅटरी चालली तर बराच खर्च वाचतो. याखाली किसानक्राफ्टसारखे भारतीय ब्रँड आणि मग बिननावाची आयात मशीनं.

घेण्याआधी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी तीन सुटे भाग मागून पाहा: त्या मॉडेलची चेन, स्टार्टरची दोरी-स्प्रिंग आणि कार्बोरेटरचं किट. तिन्ही काउंटरवर निघाले तर तो ब्रँड तुमच्यासाठी चांगला. "मागवून देतो" म्हणाले तर कितीही नावाजलेला असो, ऐन वादळाच्या दिवसांत तो कोपऱ्यात पडून राहील. शहाद्याच्या शेतकऱ्याला जे सोयीचं, ते पाचोऱ्याच्या शेतकऱ्याला असेलच असं नाही.

चेन मात्र कोणत्याही ब्रँडची वेगळी मिळते. तिचे तीन आकडे लिहून ठेवा: पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (बारच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या पट्टीच्या, खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्याच कड्यांची, संख्या. ओरेगॉनच्या चेन बऱ्याच मशीनांना बसतात. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या दाताची मूळ रचना जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्यानं १९४० च्या दशकात लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून केली. त्यातूनच ही कंपनी उभी राहिली. चेनसोबत तिच्या मापाची गोल कानसही घ्या: छोट्या मशीनवरच्या थ्री-एट (३/८ इंच पिच) लो प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटर, पॉइंट थ्री-टू-फाइव्हला (०.३२५ इंच पिच) ४.८. आपल्याकडची काळी माती सालीला चिकटलेली असते आणि एकदा जरी चेन मातीला टेकली तरी दात बोथट होतात. बांधावरच्या झाडात काटेरी तार किंवा खिळा आहे का, तेही कापण्याआधी चाचपा.

४. माप

बार खोडाच्या जाडीपेक्षा थोडा लांब पुरे. बारा इंचांच्या खोडाला १६ इंचांचा बार आणि ४०-४५ सीसीचं मशीन भरपूर झालं. "५८ सीसी, २२ इंच" ऐकून भुलू नका. किलोवॅट आणि वजन विचारा. तासाभरानं हातातलं एक किलोही जड होतं.

५. पैसे देण्याआधी

मशीन तिथंच चालू करून मागा. चेन फिरत असताना हँडलच्या पुढचा चेन ब्रेकचा दांडा पुढं ढकलला की चेन तत्काळ थांबली पाहिजे. बारचं टोक पांढऱ्या कागदावर धरून गती दिली तर तेलाचे थेंब उमटायला हवेत. तेल बारचंच घाला. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल घातलं तर त्यातल्या धातूच्या कणांनी पंप झिजतो.

बजेट ठरवताना हेल्मेट-जाळी, कानाचे मफ, बूट आणि मांडीचं चेनरोधक कापड याचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात मशीन बसवा. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येतं. म्हणून शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन चेनसॉ कधीच चालवू नका.

नवी चेन पहिल्याच टाकीत सैल होते. मशीन गार झाल्यावर हातमोजा घालून ती ओढून पाहा: सहज सरकली पाहिजे, पण बारच्या खाली लोंबता कामा नये.