निसर्गचित्रातला प्रकाश आधी ठरवावा

दृश्य तेच असूनही एक निसर्गचित्र प्रसन्न वाटते आणि दुसरे उदास, याचे मूळ बहुतेक वेळा रंगांपेक्षा उजळ-गडद छटांच्या मांडणीत असते. म्हणून रंग काढण्यापूर्वी डोळे किलकिले करून दृश्य पाहावे. तपशील पुसट होऊन उजळ, मध्यम आणि गडद असे मोजके आकार उरतात, ते तळहाताएवढ्या चौकटीत पेन्सिलीने मांडावेत. बहुतेक चित्र गडद ठेवून उजेडाला एकच जागा दिली, तर गांभीर्य येते. गडद छटा जवळजवळ वगळली, तर धुक्यातली शांत सकाळ मिळते.

प्रत्यक्ष जागेवर रंगवताना उन्हाची दिशा कागदाच्या कडेला बाणाने नोंदवावी आणि सावल्यांच्या कडा लगेच आखून घ्याव्यात, कारण तास-दोन तासांत त्या पार सरकलेल्या असतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८९०-९१मध्ये गवताच्या गंजी रंगवताना प्रकाश बदलताच कॅनव्हासही बदलला. आपल्याकडे तेवढे कॅनव्हास नसतील, तर पहिल्या उजेडाशीच प्रामाणिक राहावे.

सर्वांत जास्त वेळ सावलीला द्यावा. सावलीत काळा रंग ओतण्याची सवय चित्र निर्जीव करते, असे माझे स्पष्ट मत आहे. निरभ्र दिवशी सावलीच्या जागी ऊन पोहोचत नसले, तरी आकाशाचा निळा उजेड पोहोचतोच. म्हणून अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणातून जिवंत करडा रंग करावा आणि त्यात निळ्याचे प्रमाण अधिक ठेवावे. मातीच्या वाटेवर पडलेली झाडाची सावली नीट पाहिली, तर बुंध्यालगत तिची कड रेखीव दिसते आणि शेंड्याकडे ती विरत जाते. तिथे ओल्या ब्रशने कड मऊ करावी. ढगाळ दिवशी मात्र अशा सावल्या जवळपास नाहीशा होतात आणि साधारणपणे आकाशच सर्वांत उजळ राहते.

दूरच्या डोंगरांचे गडद भाग हवेमुळे फिके व निळसर होतात, एवढे पाळले तरी खोली येते. जलरंगात प्रखर उजेडासाठी कागद कोराच सोडावा. तैलरंगात तो शेवटी जाड थराने द्यावा.

काम संपत आले, की चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. त्यात उन्हाचा आणि सावलीचा भाग सारखाच करडा दिसला, तर पांढरा रंग वाढवण्याऐवजी सावली आणखी एका थराने गडद करावी.