केमोच्या काळात व्हिटॅमिनच्या गोळ्या कशा तपासायच्या

आतड्याच्या कॅन्सरसाठी आईला कॅपेसिटाबिन (केमोची गोळी) सुरू झालं, तेव्हा घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स मी पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओतल्या. तुम्हीही तसंच करा, नुसती नावं सांगून भागत नाही. स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचा. फॉलिक ॲसिड किंवा मिथाइलफोलेट (दोन्ही बी-९ व्हिटॅमिनचीच रूपं) दिसलं, तर विचारल्याशिवाय देऊ नका. त्याने या औषधाचा त्रास वाढू शकतो: जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटणं. ताकदीच्या बहुतेक गोळ्यांत ते असतंच.

डी व्हिटॅमिन रक्ततपासणीत कमी आलं, तरच द्या. आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांवर झालेल्या २०१९च्या सनशाइन नावाच्या चाचणीने त्याच्या मोठ्या डोसबद्दल आशा दाखवली होती. पुढच्या, मोठ्या सोलारिस चाचणीत मात्र आजार रोखून धरण्यात फरक पडला नाही. आणि ६०,००० युनिटची पुडी रोज घ्यायची नसते, शेजारपाजारचे काहीही सांगोत.