भंगारात शिशाचं जड डबडं आलं तर

तारापूरचं अणुवीज केंद्र लांब आहे म्हणून नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या भंगार गोदामवाल्यांनी निर्धास्त राहू नये. वेल्डिंग तपासायचे गॅमा कॅमेरे, टाकीतली पातळी मोजणारे गेज, कॅन्सरवरची जुनी यंत्रं यांत किरणोत्सारी सोर्स, म्हणजे घातक किरण सोडणारा पदार्थ असतो आणि कारखाना बंद पडला की तो भंगारासोबत निघू शकतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत असंच झालं. विद्यापीठाने लिलावात काढलेलं यंत्र फोडलं, त्यातलं किरणोत्सारी कोबाल्ट-६० बाहेर पडलं आणि एक माणूस दगावला.

ओळखायचं वजनावरून. लिटरभर लोखंड आठ किलोच्या आत भरतं, शिसं सव्वाअकरा, कॅमेऱ्यातलं युरेनियमचं कवच एकोणीस. आकाराच्या मानाने फारच जड, कुलूपबंद डबा दिसला की थांबा. किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह बरेचदा घासून गेलेलं असतं, त्यावर विसंबू नका. शिशाच्या भावाचा मोह इथेच नडतो, कारण ते शिसंच आतल्या सोर्सला अडवून असतं.

सर्व्हे मीटर (किरण मोजायचं यंत्र) असेल तर आधी ढिगापासून लांब चालू करून तिथला आकडा लिहून ठेवा. आपल्याकडे तो साधारण ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असतो. गाडीजवळ आकडा स्पष्ट चढला तर माल उतरवू नका.

गॅस कटर लावू नका, प्रेसमध्ये टाकू नका. भट्टीत गेलं तर प्रकरण आणखी चिघळतं. कोबाल्ट पोलादात मिसळतो, सीझियम हा दुसरा किरणोत्सारी धातू धुरातल्या धुळीत जातो. सुटी चकचकीत कांडी किंवा तारेचा तुकडा हाताने उचलायचा नाही. चटका त्याच वेळी जाणवत नाही, कातडी काही दिवसांनी सोलते.

सगळ्यांना ३० मीटर मागे घ्या. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथाईवर येतो. ११२ वर फोन करून "किरणोत्सारी वस्तूचा संशय" असं स्पष्ट सांगा, मुंबईच्या एईआरबीलाही (अणुऊर्जा नियामक मंडळ) कळवा. हाताळणाऱ्यांनी हात धुवावेत, तोवर खाऊ-पिऊ नये. गाडी परत पाठवायची नाही. बला टळली असं वाटतं, पण सोर्स कुठे गेला ते मग कुणालाच सापडत नाही.

गाडीचा नंबर, माल कुठून आला, डब्याजवळ कोण किती वेळ आणि किती अंतरावर होतं, हे लगेच लिहून काढा. कुणाला उलट्या झाल्या तर त्या कधी सुरू झाल्या तेही टिपा. किती किरण अंगावर आले, त्या डोसचा अंदाज बांधायला डॉक्टरांना याची मदत होते.