माल्टाची चार-पाच दिवसांची सहल कशी आखावी

थोड्या दिवसांसाठी भूमध्य समुद्रातलं एकच बेट निवडायचं असेल, तर मी माल्टाच सुचवेन. सगळा देश मिळून ३१६ चौरस किलोमीटर. चलन युरो, इंग्रजी ही तिथली एक राजभाषा आणि वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं धावतात. चार-पाच दिवस पुरतात, पण आखणीचा क्रम चुकवू नका.

आधी हायपोजियम. बहुतेक जण सुरुवात विमानाच्या तिकिटापासून करतात. इथे उलटं करा. पाओला गावाखाली खडकात कोरलेलं हे तीन मजली दफनस्थान साडेचार ते सहा हजार वर्षांपूर्वीचं आहे. १९०२ मध्ये घरांचं बांधकाम चालू असताना ते सापडलं. भिंतींवरचा गेरूचा रंग अजून टिकून आहे. माणसांच्या श्वासानं, उजेडानं तो बिघडू नये म्हणून रोज जेमतेम ८० जणांना, छोट्या गटांनी आत नेतात. फोटो काढू देत नाहीत आणि सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. म्हणून ही तारीख पक्की करा आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवा. व्हिसा हातात यायच्या आधी तिकीट काढावं लागेल, पण तेवढी जोखीम घ्यायलाच हवी.

हंगाम. मे महिन्यातलं ऊन सुखाचं असतं, समुद्राचं पाणी मात्र अजून गार. दिवाळीच्या सुट्टीत पोहण्याजोगं पाणी मिळतं, पण एखाद-दुसरी जोरदार सर येते. जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन भाजून काढतं आणि गर्दीही तेव्हाच सर्वांत जास्त.

व्हिसा. युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणारा शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नका. इटलीही जोडणार असाल, तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

मुक्काम. सेंट ज्युलियन्सला हॉटेलं पुष्कळ, पण तिथल्या पाचव्हिल भागात रात्रभर गोंगाट असतो. कुटुंबासोबत असाल तर राजधानी व्हॅलेटातच राहा. शहराच्या वेशीबाहेर मुख्य बसस्थानक आहे, तिथून बेटाच्या सगळ्या बाजूंना बस सुटतात. गाडी भाड्यानं घेण्याचा मोह आवरा. रस्ते अरुंद आहेत आणि पार्किंग शोधण्यात दिवस जातो.

व्हॅलेटाला एक पूर्ण दिवस द्या. सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये इटालियन चित्रकार कारावाज्जोनं १६०८ मध्ये रंगवलेलं संत योहानाच्या शिरच्छेदाचं भव्य चित्र आहे. त्यानं स्वतःची सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही आहे चित्रातल्या रक्तात. जवळच्या पुरातत्त्व संग्रहालयात हायपोजियममध्ये सापडलेली निजलेल्या स्त्रीची मूर्ती ठेवली आहे. तळहातावर मावेल एवढी, आणि मला सगळ्या माल्टात तीच सर्वांत प्रिय. हायपोजियम आणि ही मूर्ती एकाच दिवशी पाहा.

रविवार मिळत असेल तर सकाळी मार्साश्लॉक गावचा मासळीबाजार गाठा. तिथल्या रंगीत होड्यांच्या नाळेवर डोळे काढलेले असतात. शाकाहारी मंडळींना वाटाण्याची किंवा रिकोट्टा चीजची पास्तित्सी, म्हणजे सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. मात्र पारीत प्राण्यांची चरबी असू शकते, विचारूनच घ्या.

गोझो हे माल्टाचं दुसरं बेट. एका दिवसात जाऊन येण्यापेक्षा इथे एक रात्र राहा. संध्याकाळच्या बोटीनं दिवसाचे पर्यटक परतले की बेट निवांत होतं. इथली जिगांतियाची दगडी मंदिरं इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी. जुन्या जाहिरातींत दिसणारी समुद्रातली दगडी कमान, अझूर विंडो, शोधत जाऊ नका. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली. जवळच्या कोमिनो बेटावरचं ब्लू लगून, म्हणजे निळ्या पाण्याची उथळ खाडी, उन्हाळ्यात गजबजून जातं. दिवस कमी असतील तर मी ते वगळेन.

गोझोची मोठी फेरीबोट माल्टातल्या चिर्केव्वा बंदरातून सुटते आणि साधारण २५ मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदराला लागते. जाताना तिकीट विचारत नाहीत. दोन्ही वेळचं भाडं परतताना इम्जारलाच भरायचं असतं.