केळीच्या वहीवरून डेटाबेसची टेबलं कशी बनवायची

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचा हिशेब अजूनही लाल वहीत असतो, फार तर एक्सेलमध्ये. काकांचं केळी भरायचं काम आहे, म्हणजे शेतकऱ्यांकडून माल घेऊन ट्रकने पाठवायचं. त्यांची वही कॉम्प्युटरवर घ्यायचं मी अंगावर घेतलं तेव्हा पहिल्यांदा एकच लांबलचक टेबल केलं होतं, शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, कटाईची तारीख, गाडी नंबर, वजन, भाव आणि मग उचल१, उचल२, उचल३. महिनाभर बरं चाललं. मग एका आप्पांनी चौथी उचल घेतली तर ती लिहायला रकानाच नाही, आणि दिवाळीला हिशेब काढला तर त्यांची बाकी दोन ठिकाणी दोन निघाली. आप्पांना दोन तास ओट्यावर बसून राहावं लागलं, ते मला आजही लागतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय. तुमचं काम केळीचं नसेल, जिनिंग असेल, दूध डेअरी असेल, रीत हीच.

आधी वही घेऊन बसा

कॉम्प्युटर सध्या बंदच राहू द्या. ज्याची वही आहे त्याच्याजवळ बसा आणि विचारा की यातून तुम्हाला काय काय शोधावं लागतं. काका म्हणाले, "भो, मला तीनच गोष्टी लागतात, कोणाचं किती देणं राहिलं, कोणत्या गाडीत कोणाचा माल गेला, आणि मागच्या वर्षी या दिवसांत काय भावाने घेतला." हे तीन प्रश्न कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टेबल बनवताना त्यांच्याकडेच बघायचंय.

एका टेबलात एकाच जातीची गोष्ट

वहीतल्या एका ओळीत खरं तर चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. शेतकरी ही एक गोष्ट, गाव दुसरी, कटाई म्हणजे त्या दिवशी त्या शेतातून माल काढला ही घटना तिसरी, गाडी चौथी आणि दिलेले पैसे पाचवी. प्रत्येकाचं वेगळं टेबल करायचं. उचल तीन वेळा घेतली की तीस वेळा, उचलीच्या टेबलात प्रत्येक वेळेची एक ओळ, त्यात कोणाला, कधी, किती, रोख की बँकेतून. रकान्यांना १, २, ३ असे नंबर द्यायची वेळ आली की समजायचं इथे वेगळं टेबल पाहिजे. एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन तीन मोबाईल नंबर लिहिणं हीसुद्धा तीच चूक.

ही टेबलांची पद्धत एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकाने १९७० साली मांडली, आणि मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, ॲक्सेस ही डेटाबेसची, म्हणजे टेबलं सांभाळणारी, सॉफ्टवेअरं सगळी त्याच पायावर उभी आहेत, त्यामुळे एकदा कागदावरचं डिझाइन जमलं की कुठेही बनवता येतं.

ओळख पटवायला आकडा

आमच्याकडे एकेका गावात एकाच नावाचे तीन-तीन पाटील आणि चार-चार चौधरी निघतात, वडिलांचं नावसुद्धा कधी कधी सारखं, त्यामुळे नावाने माणूस ओळखता येत नाही. मग मी मोबाईल नंबर ही ओळख धरली, तर बाप-लेकाचा फोन एकच आणि वर्षाला कोणीतरी सिम बदलतंच. शेवटी प्रत्येक शेतकऱ्याला १, २, ३ असा साधा चालता नंबर दिला, ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही म्हणून तो कधी बदलावाही लागत नाही. यालाच प्रायमरी की म्हणतात. मोबाईलचा वेगळा रकाना ठेवा, शोधायला कामी येतो.

गाव, तालुका, जिल्हा

शेतकऱ्याच्या टेबलात गाव हाताने टाइप करू देऊ नका. किनगाव, किनगांव, किनगाव बु. असं तीन तऱ्हेने लिहिलं की कॉम्प्युटरला ती तीन गावं वाटतात, आणि बुद्रुक-खुर्द ही खरोखर वेगळी गावं असतात तिथे तर गोंधळच. गावाचं टेबल करा, त्यात प्रत्येक गाव एकदाच, आणि शेतकऱ्याच्या ओळीत फक्त गावाचा नंबर. दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या या नंबराला फॉरेन की म्हणतात.

आता जिल्हा कुठे लिहायचा? तालुका सांगितला की जिल्हा आपोआप ठरतो, म्हणून जिल्हा तालुक्याच्या टेबलात, तालुका गावाच्या टेबलात. हे उगाच वाढवलेलं काम वाटतं ना, पण १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला ते आठवा. ज्याने प्रत्येक माणसाच्या ओळीत "शहादा, धुळे" लिहिलेलं असेल त्याला हजारो ओळी दुरुस्त कराव्या लागणार आणि त्यातल्या काही राहून जाणार, आणि ज्याचं तालुक्याचं टेबल वेगळं आहे त्याला फक्त शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी आणि नंदुरबार या ६ ओळी बदलायच्या. नॉर्मलायझेशन हा मोठा शब्द पुस्तकात वाचून मी घाबरलो होतो, त्याचा गाभा एवढाच की एक गोष्ट एकाच जागी लिहायची.

भाव मात्र त्या ओळीतच लिहा

एवढं शिकल्यावर मी एक चूक केली, आणि ती शिकलेली माणसंच करतात. प्रत्येक गोष्ट एकाच जागी म्हणून मी भावसुद्धा मालाच्या प्रकाराच्या टेबलात टाकला, नवतीचा (नव्या लागवडीच्या केळीचा) भाव इतका, पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाचा) इतका, आणि रोज सकाळी तोच आकडा बदलायचो. समजा एका कटाईत ८२.४० क्विंटल माल १,४५० रुपयांनी घेतला, म्हणजे १,१९,४८० रुपये झाले. आठवड्याने भाव १,२७५ वर आला आणि मी टेबलात आकडा बदलला, की त्याच जुन्या कटाईचे १,०५,०६० दिसायला लागले. शेतकऱ्याचे १४,४२० रुपये कागदावरून गेले आणि कोणाला कळलंही नाही.

आजचा भाव आणि त्या दिवशी ठरलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरलेला भाव हा त्या सौद्याचा भाग आहे, तो कटाईच्या ओळीतच राहिला पाहिजे आणि नंतर कधी हलता कामा नये. रोजच्या जाहीर भावाचं वेगळं टेबल ठेवायचं असेल तर त्यात तारीख, प्रकार आणि भाव असे तीन रकाने करा, रोज नवी ओळ घाला, जुनी पुसू नका. काकांनी काय भावाने घेतला, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कटाईच्या ओळीतल्या भावातूनच निघतं.

गाडी आणि कटाईचा गुंता

एका ट्रकमध्ये चार शेतकऱ्यांचा माल जातो आणि एका शेतकऱ्याचा माल कधी दोन ट्रकमध्ये विभागला जातो. मग गाडीचा नंबर कटाईत लिहायचा की कटाईचा नंबर गाडीत? दोन्हीकडे नाही. मधे एक तिसरं टेबल घ्या, आम्ही त्याला भरणा म्हणतो. त्यात कटाईचा नंबर, गाडीच्या फेरीचा नंबर आणि त्या फेरीत गेलेलं वजन, बस. गाडीची फेरी म्हणतोय, कारण तोच ट्रक पुढच्या आठवड्यात परत येतो.

रकान्यांचे प्रकार

पैसे आणि वजन डेसिमलमध्ये (दशांशाचे अंक नेमके ठेवणारा प्रकार) ठेवा, फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे ठेवणारा प्रकार) अजिबात नको, फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं आणि हंगामभराच्या बेरजेत पैसे जुळत नाहीत. डेसिमल (१०,२), म्हणजे एकूण दहा अंक आणि त्यातले दोन दशांशानंतर, घेतलं की ९,९९,९९,९९९.९९ पर्यंत मावतं. तारीख डेट प्रकारातच, टेक्स्टमध्ये ठेवली तर क्रम लागत नाही. मोबाईल आणि खाते क्रमांक दिसायला आकडे पण ठेवायचे टेक्स्टमध्ये, कारण त्यांची बेरीज आपण कधी करत नाही आणि सुरुवातीचं शून्य उडालं की पैसे अडकतात. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो, त्यातलं पाचवं नेहमी शून्य, लोक तिथे ओ टाइप करतात. मराठीत नावं लिहिणार असाल तर मायएसक्यूएलमध्ये अक्षरं साठवायची यूटीएफ८एमबी४ ही पद्धत निवडा आणि रकाना थोडा लांब घ्या, कारण काना-मात्रासुद्धा अक्षर म्हणून मोजले जातात, "जळगाव" आपल्याला चार अक्षरी वाटतं पण ते पाच धरतं.

भाव अजून ठरायचा असेल तर शून्य लिहू नका, रकाना रिकामा म्हणजे नल ठेवा. शून्य लिहिलं तर फुकट माल घेतला असा अर्थ होतो.

नियम डेटाबेसलाच सांगा

वजन शून्यापेक्षा जास्त, शेतकरी रिकामा नको, नसलेल्या गावाचा नंबर चालणार नाही, हे नियम टेबल बनवतानाच लावा. रात्री अकराला काट्यावरून येऊन नोंद करणारा माणूस थकलेला असतो, त्याच्यावर सगळं टाकणं बरोबर नाही. दोन ठिकाणी मात्र फसायला होतं, एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी आपणहून चालू नसते, प्रत्येक कनेक्शनला, म्हणजे डेटाबेस उघडताना दर वेळी, चालू करावी लागते, आणि मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीचं असेल तर चेकचा नियम (वजन शून्यापेक्षा जास्त, यासारखा) ते निमूट घेतं आणि पाळत मात्र नाही.

एकूण रक्कम आणि बाकी यांना रकाना देऊ नका, वजन गुणिले भाव वजा दिलेले पैसे हे दर वेळी काढून घ्यायचं, लिहून ठेवलेली बाकी दोन ठिकाणी दोन व्हायला वेळ लागत नाही.

आता वहीतल्या खऱ्या नोंदी

मनाने बनवलेल्या सोप्या नोंदी नकोत, वहीतल्या सगळ्यात किचकट दहा ओळी निवडा, वापसीचा माल, दोन गाड्यांत गेलेला, कटाईच्या आधीच उचल घेतलेला, आणि त्या भरून सुरुवातीचे तीन प्रश्न विचारा. आमच्याकडे तिसऱ्याच ओळीला कळलं की शेत एकाचं असतं आणि पैसे भावाच्या खात्यावर जातात, मग बँक खात्याचं टेबल वेगळं काढलं. पहिला हंगाम वही बंद करू नका, रोज रात्री दोन्हीकडची बेरीज काकांसमोर जुळवा आणि फरक आला तर दुसऱ्या दिवशीची कटाई लागायच्या आत शोधा.